मुकुट उतरवायची एकच वाट

इदालिना राणी झाली त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील, आणि त्यातला एकही दिवस तिने मागून घेतलेला नव्हता. काबासाच्या टेकडीवर आजही लोक सांगतात की देवळातल्या रोझरी मातेनेच तिला निवडलं. मातेने निवडलं असेलही. पण घडलं ते असं, की जेराल्दा आत्या, म्हणजे आधीची राणी, वारली तेव्हा तिचं डोकं इदालिनाच्या मांडीवर होतं. पथकाच्या त्या वेळच्या कप्तानाने मेलेल्या डोक्यावरचा मुकुट उतरवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि रक्तातली, गुडघे धड असलेली बाई म्हणून जी समोर दिसली तिच्या डोक्यावर ठेवून दिला. इदालिना घरी कपडे भिजवून आली होती. "एवढे पिळून येते," असं ती म्हणाली. राणी म्हणून तोंडातून निघालेलं तिचं हे पहिलं वाक्य, आणि टेकडीने ते पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितलं.

हे राज कसलं ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. खाणीत गुलाम म्हणून सोनं उपसता उपसता मेलेल्या आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी, मालकांचा राजा तो आपला नव्हे म्हणून, रोझरी मातेच्या साक्षीने आपला राजा आणि आपली राणी नेमली. ते आजवर चालू आहे. राजा दर वर्षी नवा. ज्याला हौस असेल तो होतो आणि पुढच्या वर्षी सुटतो. राणी मात्र मरेपर्यंत तीच. राज्याला जमीन नाही, वाडा नाही, खजिना नाही. सैन्य म्हणाल तर ढोल बडवणारे गवंडी आणि सुतार, आणि घोट्यांना बियांनी भरलेले पत्र्याचे डबे बांधून राणीच्या पुढे नाचत चालणारं, मोसांबीक म्हणतात ते पथक. त्या पथकातले निम्मे म्हातारे संधिवाताने बेजार, पण डबे वाजले की त्यांना कोण आवरणार.

राणीचं खरं काम चालण्याचं नाही, ऐकण्याचं. कुणाचा नवरा पितो, कुणाची सून बोलत नाही, कुणाच्या पोराला तुरुंगात टाकलंय, सगळं राणीच्या पदरात. सकाळी दार उघडायच्या आत ओट्यावर कुणीतरी बसलेलं. "राणीआई, आशीर्वाद द्या." "देव तुझं भलं करो, बाळ. बस. काय झालं?" हे एवढं बोलायचं आणि मग ऐकत राहायचं. उत्तर नसलं तरी चालतं, कंटाळलेलं मात्र दिसून चालत नाही. ऑक्टोबरात सण आला की त्यात स्वयंपाकाची भर. पथकं दूरदूरच्या गावांहून येतात आणि प्रत्येक पथक राणीच्या घरी जेवतं. राजवाड्यातल्या राण्यांना लोक वाढतात म्हणे. आमची राणी पहाटे उठून कोंबड्या साफ करते, भेंडी चिरते, घमेलंभर पपईचा गोड पाक ढवळते आणि मग हात धुऊन पोशाख चढवते. महापौर येतो, तिच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो, "आपल्या संस्कृतीचा ठेवा" म्हणतो. काबासाच्या नळाला पाणी कधी येणार असं कुणी विचारलं की नेमका त्याचा फोन वाजतो.

इदालिना दमली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं ते राणीला सांगायचं असतं, आणि राणी तीच. मुकुट पितळेचा, काचेच्या खड्यांचा. तरुणपणी तिला तो जाणवायचाही नाही. आता मिरवणूक संपेपर्यंत मान अशी आखडायची की बाजूला कोण उभं आहे ते बघायला तिला सगळं अंग वळवावं लागे. लोकांना ते फार राजेशाही वाटायचं.

राज्याचे नियम थोडे, पण जे आहेत ते वाकत नाहीत. सणाच्या आधीच्या रविवारी देवळापुढे मातेच्या ध्वजाचा खांब उभा करतात. तो उभा आहे तोवर राणीने टेकडी सोडायची नाही. आणि राणीपण उतरतं ते मेल्यावरच. मुकुट एरवी पेटीत असतो, पण पेटीत ठेवला म्हणून काही सुटका नाही. कप्तानाने राणीला आडवी झोपवून, ठरलेलं गाणं अखेरपर्यंत म्हणून, आपल्या हाताने तो काढला तरच ती मोकळी. ते गाणं एरवी कुणी गुणगुणतही नाही. आमच्याकडची पोरं शिवी देतील, पण त्या गाण्याची ओळ तोंडात घेणार नाहीत.

खांबाच्या नियमाने इदालिनाचं एकदा नुकसान केलं होतं, आणि ते भरून आलं नव्हतं. तिचा मुलगा वाल्दीर साओ पावलोला बांधकामावर होता. अशाच एका सणाच्या आठवड्यात परांचीवरून पडला. निरोप आला तेव्हा तो अजून जिवंत होता. खांब उभा होता. अंगणात तीन गावांची पथकं उतरली होती, चुलीवर डाळीची पातेली होती, नवस फेडायला आलेल्या बाया गुडघ्यांवर चढण चढत होत्या. मी गेले तर हे सगळं थांबेल, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. ती मिरवणुकीत चालली, आणि तिची मुलगी सिर्लेई, तेव्हा विशीतली, एकटी बसमध्ये बसली. भावाला पुरून परत आली तेव्हा खांब उतरला होता आणि अंगणात झाडलोट चालली होती.

सिर्लेई आईला टाकून बोलली नाही. फक्त देवळात यायची थांबली, आणि वर्षाच्या आत खालच्या गल्लीतल्या नव्या पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागली. लांब स्कर्ट, न कापलेले केस, बगलेत बायबल. तिथे ढोल म्हणजे सैतानाचं वाद्य. लग्न केलं नाही, आईला सोडलंही नाही. आईचे पाय मिठाच्या पाण्यात धरायची, औषधं द्यायची, तिच्यासाठी मक्याचा केक भाजायची. सणाचा आठवडा आला की मात्र पोशाखाला, मुकुटाला, ढोलाला हात लावायची नाही, आणि दोघींमध्ये मीठ-तेलापलीकडे बोलणं व्हायचं नाही. असं कितीतरी वर्षं चाललं. दोघींनाही त्याची सवय झाली होती, आणि सवय झाली म्हणून ते कमी दुखत होतं असं नाही.

त्या वर्षी सणाच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, इदालिना भेंडी पुसत बसली होती. सिर्लेई स्वयंपाकघरात आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आई, बेलो होरिझोंतेहून फोन आला होता. सोमवारी ऑपरेशन करतायत."

सिर्लेईच्या पोटात गाठ होती. सरकारी इस्पितळाच्या रांगेत नाव लावून वर्ष उलटून गेलं होतं.

"आलं एकदाचं," इदालिना म्हणाली. "सोमवारी ना? मग निघायचं कधी?"

"रविवारी दुपारी. आरोग्य केंद्राची गाडी नेणार आहे."

इदालिनाच्या हातातली भेंडी हातातच राहिली.

"तारीख मी नाही ठरवली," सिर्लेई म्हणाली.

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणाली नाहीस. चेहरा केलास."

"पुढे ढकलता येत नाही का गं, एक आठवडा?"

"डॉक्टर म्हणतो, गाठ वाढलीय. ती कसली आहे ते पोट उघडल्यावर कळेल." सिर्लेईने पदरात लपवावं तसे दोन्ही हात स्कर्टच्या खिशात घातले. "तू जिवाला लावून घेऊ नकोस. आमच्या चर्चमधली सिस्टर देबोरा येतेय माझ्याबरोबर. मी तुला ये म्हटलेलंच नाही."

शेवटचं वाक्य तिने टोचायला म्हटलं नव्हतं. साधं सांगितलं होतं, घरात साखर संपलीय हे सांगावं तसं. म्हणूनच इदालिनाला ते जास्त लागलं. पोरीने भांडायला हवं होतं. हक्काने म्हणायला हवं होतं, की तुला यावंच लागेल. माझ्या मुलीने माझ्याकडून अपेक्षा करणंच सोडून दिलंय, हे तिला त्या भेंडीच्या टोपलीपाशी बसल्या बसल्या कळलं, आणि रडूसुद्धा आलं नाही इतकी ती दमलेली होती.

शुक्रवार तिने कोंबड्या साफ करण्यात घालवला. शनिवारी सकाळी शेजारच्या नेउझाला चुलीपाशी बसवून ती टेकडीच्या वरच्या अंगाला ओनोफ्रेच्या घरी गेली. ओनोफ्रे पथकाचा कप्तान आणि तिच्या वारलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. डोक्यावर मुकुट असला की तो तिला राणीआई म्हणायचा, नसला की वहिनी. अंगणात बसून तो डब्यांचे चामडी पट्टे शिवत होता.

"वहिनी? चालत आलात? निरोप धाडायचा की."

"निरोपाचं काम नव्हतं, भाऊजी. सिर्लेईचं ऑपरेशन सोमवारी आहे. उद्या दुपारी गाडी. मला तिच्याबरोबर जायचंय."

ओनोफ्रेने सुई थांबवली. "खांब उभा आहे."

"मला दिसतो. माझ्या खिडकीसमोरच आहे."

"खांब उभा असताना राणी टेकडी उतरत नाही."

"माहितीये. म्हणून तर आले. मला राणीपणातूनच सोडवा."

तो हसला. तिच्या चेहऱ्यावर हसू नाही हे पाहून थांबला. "वहिनी, राणी काय राजीनामा देते? शाळेतली नोकरी आहे का ती? राणी उतरते एकाच वाटेने, आणि ती वाट तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही."

"मग त्याच वाटेने उतरवा. मी आडवी होते. तुम्ही गाणं म्हणा आणि काढा मुकुट."

"जिवंत माणसावर ते गाणं?" ओनोफ्रेने छातीवर क्रूस काढला. "तोंड झडेल माझं. आणि झडलं नाही तरी पुढे काय? ते गाणं झालं की तुम्ही गेलात. पुन्हा कुणी आशीर्वाद मागणार नाही. तुमच्या नावाने मृतांच्या दिवशी दिवा लावतील, तुमच्या डोळ्यांदेखत."

"लावू देत."

"आणि मुकुट? घेणार कोण? सिर्लेई घेणार? ती तर आमच्या ढोलांना सैतानाचं पोट म्हणते."

"खुर्चीवर ठेवा."

"खुर्चीवर," ओनोफ्रे म्हणाला. "मी काय खुर्चीपुढे नाचू या वयात? राणीआई," मुकुट नसतानाही त्याच्या तोंडून निघालं, "तुम्ही सुटाल. आम्हाला कोण सोडवणार? माझ्या घोट्यांची हाडं बघा. मीही दमलोय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे घोटे सुजून पावाएवढे झाले होते. इदालिना त्याच्या शेजारच्या बाकावर बसली. थोडा वेळ दोघांनी अंगणातल्या कोंबडीकडे बघितलं, कारण एकमेकांकडे बघवेना.

"वाल्दीरच्या वेळी निरोप घेऊन तुम्हीच आला होतात," ती म्हणाली. "दारात उभे होतात, टोपी हातात घेऊन. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही नुसतं 'जा' म्हणाला असतात तर मी गेले असते."

ओनोफ्रे चामड्याचा पट्टा बाजूला ठेवत म्हणाला, "मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो, वहिनी. तुम्ही विचाराल म्हणून. विचारलं असतंत तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. पण तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला बरं वाटलं. सण सुटला, असं वाटलं. त्या पोराचा मी काका होतो."

"मग आज विचारतेय."

त्याने हो म्हटलं नाही. "उद्या वर या," एवढंच म्हणाला, "मिस्सा झाल्यावर." इदालिना उठली आणि गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत उतारावरून घरी आली. सिर्लेईला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सिर्लेई म्हणाली असती की हे नाटक माझ्या नावावर नको, आणि तिचं खरं असतं.

रविवारी सकाळी पथक तिला न्यायला आलं तेव्हा सिर्लेई आतल्या खोलीत पिशवी भरत होती. इदालिनाने दाराआडून विचारलं, "टॉवेल घेतलास?" आतून "घेतला" आलं. "गाडी चौकात कधी येते?" "मिस्सा सुटली की थोड्या वेळाने. तू जा, तुझी माणसं ताटकळतायत." इदालिना निळा पोशाख सावरत बाहेर पडली. डबे वाजले, ढोल वाजले, आणि राणी देवळाच्या चढणीला लागली. नेहमीपेक्षा जोरात चालतेय म्हणून लोक कौतुकाने बघत होते. या वयात बघा, असं एक बाई म्हणाली.

मिस्सेची प्रार्थना झाली, पाद्री गेला. पाहुणी पथकं खाली अंगणात कॉफी आणि केकला गेली. देवळात फक्त काबासाचं पथक उरलं, तेव्हा ओनोफ्रेने दार लोटून घेतलं आणि काय करायचं ते सांगितलं. म्हाताऱ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. एक जण टोपी घालून सरळ निघून गेला. दुसरा म्हणाला, "कप्तान, उसाची दारू जरा लवकरच चढवलीस का आज?" ओनोफ्रे म्हणाला की थेंबही घेतलेला नाही आणि घ्यायला हवी होती. मग ढोलवाल्याने काठीला कापड गुंडाळायला घेतलं. राणीच्या सोबतीला थांबलेल्या नेउझाने डोळे पुसत लांब बाकावर आपली शाल अंथरली. इदालिना पोशाखासकट, मुकुटासकट तिच्यावर आडवी झाली, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. पाठ टेकली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

गाणं सुरू झालं. ढोल एकच, तोही कापड गुंडाळलेल्या काठीने.

"राणी निघाली पाण्याच्या काठी,
होडी सोडा, दोर सोडा,
पाऊल हलकं होऊ दे, आई,
माथ्याचं ओझं इथंच सोडा."

त्याची कडवी पुष्कळ. प्रत्येक मेलेल्या राणीचं एक, जितक्यांची नावं आठवतात तितकी. अर्ध्यावर थांबलं तर गाणं वाया जातं आणि राणीपण तसंच चिकटून राहतं, म्हणून ओनोफ्रे घाई करत नव्हता. इदालिना पडल्या पडल्या ऐकत होती. जेराल्दा आत्याच्या आईचं नाव गेलं, जेराल्दा आत्याचं यायचं होतं.

आणि इथे सगळ्यांची चूक झाली. ओनोफ्रेला वाटलं होतं दार लोटलं की झालं. पण ते गाणं काबासात भिंतीतून ऐकू जातं. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते केक खात राहिले. टेकडीवरच्या माणसाने मात्र हातातलं टाकलं. राणी गेली, एवढाच त्या गाण्याचा अर्थ, दुसरा कुणी कधी ऐकलेलाच नव्हता. देवळाबाहेर आधी एका बाईचं रडणं आलं, मग तिघीचौघींचं, मग दारावर माणसांचा लोंढा. बंद डोळ्यांनी इदालिना आपल्याच मरणाचं रडणं ऐकत होती. सकाळी तर चालत गेली होती, असं कुणीतरी म्हणत होतं. त्या कोंबड्यांनी घेतलं बघ तिला, किती राबायची, असं दुसरं कुणी.

मग खालून, उतारावरून, एक हाक आली.

"आई!"

सिर्लेईचा आवाज तिने कितीतरी वर्षांत एवढा मोठा ऐकला नव्हता. पुढचं नेउझाने नंतर सांगितलं, की पोरगी अनवाणी आली, एका हातात टॉवेल तसाच, आणि ज्या देवळाच्या पायरीला एवढी वर्षं पाय लावला नव्हता तिथून माणसं ढकलत आत घुसली. इदालिनाला एवढंच कळलं की कुणीतरी धाडकन बाकापाशी गुडघ्यांवर पडलं आणि तिच्या छातीवर डोकं आपटू लागलं. "आई, आई गं. मी तुला ये म्हटलं नाही. मी ये म्हणायला हवं होतं. आई."

ओनोफ्रेचा आवाज कापला. थांबला नाही. जेराल्दा आत्याचं कडवं सुरू झालं होतं आणि त्यानंतर इदालिनाचं. ती उठली असती तर सगळं फुकट, मुकुट डोक्यावर आणि खांब बाहेर. पडून राहिली तर पोर तिच्या अंगावर फुटून जात होती. चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या पोरांचं रडणं ऐकलं होतं, चेहरा न हलवता. हे एक रडणं मात्र तिला तसं ऐकवेना. तिने डोळे मिटलेलेच ठेवले, छातीवरचा हात सरकवला, आणि सिर्लेईचं मनगट घट्ट धरलं.

रडणं मध्येच तुटलं. सिर्लेईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. इदालिनाने पुन्हा दाबलं. पोरीने मनगट सोडवून घेतलं नाही. तशीच गुडघ्यांवर राहिली, आणि ज्या गाण्याच्या नावाने तिने कान झाकले असते ते गाणं अखेरपर्यंत आईचा हात धरून तिने ऐकलं. ओनोफ्रेने इदालिनाचं नाव घेतलं, शेवटची ओळ म्हटली, वाकला, आणि दोन्ही हातांनी मुकुट उचलला.

इदालिनाने डोळे उघडले. दारातल्या बायांपैकी दोघीजणी मटकन खाली बसल्या.

"तू मेलेली नाहीस," सिर्लेई म्हणाली. तोंड सगळं ओलं होतं.

"मेले ना. आत्ताच. चल, गाडी सुटेल."

"लाज वाटत नाही तुला? म्हातारे झालात सगळे आणि हे खेळ करता? मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. माझा जीव गेला असता तिथे उतारावर."

"हळू बोल. देऊळ आहे."

"मला नको सांगूस देऊळ." पण तिने आईला खांद्याखाली हात घालून उठवलं.

एरवी राणी देवळातून बाहेर पडते तेव्हा तिला कुणी पाठ दाखवत नाही. पथक मागे मागे सरत तिला वाट करून देतं. इदालिना उभी राहिली तेव्हा पथकाने तोंडं वेदीकडे फिरवली होती. ओनोफ्रे खुर्चीवर मुकुट ठेवत होता. तिला त्याचं टक्कल दिसलं, मानेवरची सुरकुती दिसली, सदऱ्याचा पाठीमागे विरलेला भाग दिसला. तो रडत होता की नाही ते दिसलं नाही. "येते, भाऊजी," ती म्हणाली. त्याने वळून पाहिलं नाही, पाहायचं नसतं. बाहेरच्या गर्दीतही कुणी आशीर्वाद मागितला नाही. लोक बाजूला झाले आणि आपल्या पायांकडे बघत राहिले. तिला वाईट वाटलं. वाटणार नाही असं तिला वाटलं होतं, पण वाटलं.

चौकात आरोग्य केंद्राची पांढरी गाडी उभी होती. सिस्टर देबोराने सिर्लेईची पिशवी आणि चपला घरून आणल्या होत्या. तिने एकदा इदालिनाच्या निळ्या पोशाखाकडे पाहिलं, एकदा सिर्लेईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. ड्रायव्हरने विचारलं, "आजी कार्निव्हलला निघाल्यात का?" सिस्टर देबोराने त्याला गाडी काढायला सांगितलं.

गाडी उतरणीला लागली. सिर्लेई खिडकीशी, इदालिना तिच्या शेजारी. पोशाखाचा घेर दोघींच्या मांड्यांवर पसरला होता आणि सिर्लेईने तो बाजूला सारला नव्हता.

"हे वाल्दीरच्या वेळी का नाही केलंस?" तिने बाहेर बघतच विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"सुचलं नाही गं."

"नुसतं सुचलं नाही?"

"मला वाटायचं, मी गेले की सगळं थांबेल."

गाडी ओढ्यावरच्या पुलापाशी आली, तिथे समोरून येणाऱ्या ट्रकसाठी ड्रायव्हरने ती बाजूला घेतली. इंजिन बंद झालं. तेव्हा वरून, टेकडीवरून, ढोल ऐकू आले. आधी एक, मग सगळे. मागोमाग डबेही वाजू लागले. मिरवणूक निघाली होती, नेहमीच्या ठेक्यात, एक ठोका इकडचा तिकडे न होता.

इदालिना ऐकत राहिली. तिचे ओठ हलले, पण सिर्लेईला ऐकू येईल इतका आवाज निघायला वेळ लागला.

"तेव्हाही वाजले असते," ती म्हणाली.

सिर्लेईने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. ट्रक निघून गेला, आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली.